पाळण्यात न मावणारे साहेब

माझं पाळणाघर आहे. पुण्यात, एका मध्यमवयीन सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर. दीड-दोन वर्षांची पोरं शेंबडासकट, शी-शूसकट, दुपारच्या भोकाडासकट सांभाळणं हा माझा धंदा, आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दोन वर्षांचं मूल चावतं, कारण त्याला बोलता येत नाही. साडेनऊ वर्षांचा मुलगा चावतो तेव्हा त्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजी अस्खलित येत असतं; शिवाय यूट्यूबच्या कृपेने थोडं कोरियनही. तरी तो चावतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे असं तुम्हाला वाटेल. नाही. त्याचं आणि माझं बरं चाललंय. हा लेख त्याच्याभोवती जी मोठी माणसं उभी आहेत त्यांच्याबद्दल आहे, कारण त्यांना सांभाळण्याची फी मला कोणीच देत नाही.

मुलाला आपण साहेब म्हणू. खरं नाव विचारू नका. असे साहेब माझ्याकडे एकापेक्षा जास्त येऊन गेलेत. दुपारी दोनला शाळेची व्हॅन त्यांना फाटकाशी उतरवते, संध्याकाळी साडेसातला आईबाप घेऊन जातात, आणि मधला वेळ माझा.

प्रवेशाच्या दिवशी साहेबांचे मातापिता येतात. सोफ्याच्या कडेवर बसतात. आई हसून सांगते, "काकू, तो जरा ॲक्टिव्ह आहे." वडील दुरुस्ती करतात, "क्युरियस आहे, ॲक्च्युअली." मग दोघं मिळून सांगतात की शिक्षक त्याला समजून घ्यायला कमी पडतात. आधीचं पाळणाघर का सोडलं? "तिथली एनर्जी आम्हाला पटली नाही." एनर्जी! पुढे त्या पाळणाघरवालीशी माझं बोलणं झालं तेव्हा कळलं, की त्या एनर्जीत एक फुटलेला कमोड आणि एका बाळाच्या कपाळावरचे टाके समाविष्ट होते.

आता वाचक हो, तुम्ही शहाणे आहात, म्हणून विचारते. एखाद्याच्या ताब्यात आपला जिवाचा तुकडा रोज साडेपाच तास द्यायचा, आणि त्याच्याबद्दलची एकमेव महत्त्वाची गोष्ट लपवून ठेवायची, ही कुठली बुद्धी? मोलकरणीला लोक सांगतात की मिक्सरचं बटण डावीकडे फिरवू नकोस, शॉक बसतो. मला तेवढंही नाही. महिनाभराने, दोन पोरांच्या हातांवर दातांची नक्षी उमटल्यावर, आई हळूच सांगते, "तसं डॉक्टरांनी मागे एडीएचडी म्हटलं होतं... पण आम्हाला त्याला लेबल लावायचं नाहीये."

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, नाहीतर उद्या कोणीतरी माझ्यावरच ओरडेल. एडीएचडी हे थोतांड नव्हे. लाडाने होत नाही, धपाट्याने जात नाही. मेंदूच्या घडणीचा भाग आहे आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. (प्रवेशाच्या मुलाखतीत साहेबांचे वडील पुन्हापुन्हा उठून फोनवर बोलत गॅलरीत फेऱ्या मारत होते. आनुवंशिक म्हणतात ते हेच का, हे विचारायचा मोह मी आवरला.) म्हणूनच तर सांगा ना! दम्याचं मूल असेल तर पंप बरोबर देता, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दहा वेळा बजावता. मग या एका बाबतीत गुप्तता राखायची ती कोणाच्या हिताची? साहेबांच्या? साहेबांना लेबल केव्हाच लागलंय. सोसायटीत ते 'तो मुलगा' आहेत, वर्गात 'पुन्हा तू?' आहेत, व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर काकांशेजारी बंदोबस्तात आहेत. डॉक्टरांचा कागद हे त्यांच्या वाट्याला आलेलं एकमेव सभ्य लेबल होतं, आणि तेवढं नेमकं कपाटात आहे.

आणि मौज पुढे आहे. तिसरी-चौथीत लेबलाला भिणारे हेच मातापिता नववीत काय करतात? त्याच लेबलासाठी रांगेत उभे राहतात. कारण दहावीच्या बोर्डात अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. मग चौकशा सुरू होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार दिलेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. झालं! पाच वर्षं ज्या घरात 'त्याला काही झालेलं नाही' हा मंत्र चालला, त्या घरात आता 'त्याला अजून काय काय आहे' याचा कसून शोध लागतो. मूल चावतं तेव्हा लेबल नको, मार्क वाढत असतील तर दोन द्या.

शाळेबद्दल थोडक्यात उरकते, कारण शाळाही साहेबांबद्दल थोडक्यातच उरकते. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला आठवीपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून शाळा काढत नाही. शाळा 'त्याला वेगळं वातावरण मानवेल' असं सुचवते. डायरीत लाल शाईने लिहिते, 'कृपया पाल्यास समज द्यावी.' ही समज देणार कोण? आई ऑफिसात, वडील ऑफिसच्या कॅबमध्ये. डायरी उघडते मी. फुरसुंगीचा बनेश फेणे आज चौथीत असता तर भा. रा. भागवतांना एकही साहसकथा लिहायला मिळाली नसती. पहिल्याच आठवड्यात पालकांना बोलावणं गेलं असतं आणि फास्टर फेणे उरलेलं वर्ष ऑक्युपेशनल थेरपीला जात राहिला असता.

आता तज्ज्ञांकडे वळू. मला तज्ज्ञांबद्दल आदर आहे. खऱ्या तज्ज्ञांबद्दल. एका समुपदेशक बाईंनी मला फोनवर अर्ध्या तासात जे शिकवलं ते मी अजून वापरते. पण साहेबांच्या घरी जे पोचतं ते त्या बाईंचं ज्ञान नसतं, ते रीलमधून गाळून आलेलं तीस सेकंदांचं तीर्थ असतं. त्याचा प्रिंटआउट मला मिळतो. 'मुलाला नाही म्हणू नका, पर्याय द्या.' 'आधी त्याच्या भावना मान्य करा.' 'त्याच्या उंचीला येऊन डोळ्यांत बघून बोला.'

साहेबांच्या हातात प्लॅस्टिकची बॅट आहे. बॅट अडीच वर्षांच्या एका कन्येच्या डोक्यावर आहे. मी गुडघ्यांवर बसून, साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "मला दिसतंय की तुला राग आलाय"? अहो, ते त्यालाही दिसतंय, त्या कन्येलाही दिसतंय, समोरच्या बिल्डिंगलाही दिसतंय! मी आधी बॅट पकडते. भावना कुठे पळून जात नाहीत. पाच मिनिटांनी मान्य केल्या तरी चालतात. गंमत म्हणजे कुठल्याही जाणत्या तज्ज्ञाला विचारा, तो हेच सांगेल: पेटलेल्या मुलाशी वाद घालू नका, आधी सगळ्यांना सुरक्षित करा, बोलणं नंतर. पण त्याचं रील होत नाही. बॅट पकडणारी घामेजलेली काकू बघायला लाइक कोण देणार?

मला वाचायचा नाद आहे. पोरं झोपली की वाचते. डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांचे तीन नमुने मांडले: नुसता धाक घालणारे, नुसतं मोकळं सोडणारे, आणि तिसरे माया आणि शिस्त दोन्ही राखणारे. मुलांचं भलं तिसऱ्यांकडे. पुण्यातल्या निम्म्या सुशिक्षित पालकांना हे तोंडपाठ आहे. फक्त त्यांनी त्या तिसऱ्यातली माया उचलली आणि शिस्त माझ्याकडे आउटसोर्स केली. घरी लाडू, आणि काकूंकडे मर्यादा पुरुषोत्तम.

दुसरे मानसशास्त्रज्ञ स्किनर. त्यांच्या कबुतरांची गोष्ट प्रत्येक आईबापाच्या फ्रिजवर चिकटवायला हवी. भुकेलं कबूतर चकतीवर चोच मारतं, दाणा मिळतो. दर वेळी दाणा देऊन मग बंद केला, तर ते लवकरच नाद सोडतं. पण कधी तिसऱ्या टोचीला, कधी विसाव्या, असा बेभरवशाचा दाणा दिलेला असेल, तर दाणा बंद झाल्यावरही ते बिचारं टोचतच राहतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी यावर १९५७ साली जाडजूड ग्रंथच काढला. साहेबांच्या घरी तो ग्रंथ रोज रात्री जेवताना प्रयोगासह सादर होतो. मोबाईल हवा. नाही. हवा! नाही म्हटलं ना. ताट ढकललं. नाही. पाणी सांडलं. "घे बाबा, पण पाचच मिनिटं हं." आईबापांना वाटतं आपण शांतता विकत घेतली. त्यांनी पोराला एवढंच शिकवलं की ताट ढकलून भागत नाही, पाणीही सांडावं लागतं.

यात आणखी एक खोच आहे. हट्टाला दाणा मिळणं बंद झालं की हट्ट लगेच थांबत नाही. आधी तो चढतो. आठवडाभर घर डोक्यावर घेतो. आणि नेमक्या त्या शिखरावर मातापिता जाहीर करतात, "हे काही वर्क होत नाहीये, काकू," आणि दाणा देतात. म्हणजे आता शिखराचाही भाव ठरला. माझ्याकडचा सोमवार यामुळे कसा असतो हे ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. शनिवार-रविवारचा मॉल, बर्गर, मध्यरात्रीपर्यंतचा गेम आणि बापाचं शरण जाणं, एवढं सगळं अंगावर घेऊन साहेब सोमवारी दोनला उतरतात ते युद्धाच्याच पवित्र्यात. चपलांच्या मांडणीवर पहिली लाथ सोमवारची. शुक्रवारी तेच साहेब स्वतःची चप्पल जोडीने लावतात. हे चार दिवसांत कसं होतं, असं विचारायला आजवर एकही पालक आलेला नाही. सोमवारच्या लाथेबद्दल मात्र विचारायला येतात: "तुमच्याकडे काही ट्रिगर तर होत नाही ना त्याला?"

यावर सोसायटीच्या बाकावर बसलेल्या आजोबांकडे रामबाण आहे. "दोन ठेवून द्या." पाठोपाठ चाणक्य येतोच: पाच वर्षं लाड करा, दहा वर्षं मारा, सोळाव्या वर्षी मित्र माना. आजोबा, तुमच्या वेळी छडी होती, मान्य. तुमचा मुलगा त्या छडीखाली वाढला, तेही मान्य. तोच आज साहेबांचा बाप आहे, आणि साडेनऊ वर्षांच्या पोराला 'नाही' म्हणताना त्याला घाम फुटतो. तुमच्या छडीचं एवढं देखणं फळ समोर असताना तीच छडी पुन्हा लावा म्हणता? शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याची बंदी आहे. माझ्याकडे कायदा नसता तरी मारलं नसतं. त्यात तत्त्वज्ञान काही नाही, साधा हिशेब आहे: छत्तीस किलोचा मुलगा आहे, वर्ष-दोन वर्षांत माझ्यापेक्षा उंच होईल. तेव्हा उलटा धडा शिकवायला तो माझ्याच शाळेत शिकलेला असू नये.

चाणक्याच्या हिशेबात एक मात्र खरं आहे, आणि ते त्याच्याही लक्षात आलं नसेल. त्याची ती माराची दहा वर्षं, म्हणजे पाच ते पंधरा, जवळजवळ तीच आहेत ज्यांच्याकडे आपल्या सरकारने पाठ फिरवलीय. १९४८च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त कामगार स्त्रिया असतील तिथे मुलांसाठी खोली ठेवायला लावली; मुलं कुठली, तर सहा वर्षांखालची. राष्ट्रीय पाळणाघर योजना, सहा महिने ते सहा वर्षं. २०२२मध्ये मिशन शक्तीखाली तिचं नाव 'पाळणा' झालं, वय तेच. २०१७ला मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं, दिवसातून चार वेळा भेटायची मुभाही मिळाली. कोणाला? आईला. बापाला कायद्यानेच मोकळं सोडलं. तर सहाव्या वाढदिवसाला केक कापला की सरकारदरबारी मूल शाळेच्या हवाली. शाळा सुटते दीडला. ऑफिस सुटतं साडेसहाला. मधले पाच तास भारतातलं मूल कुठे असतं? कागदावर कुठेच नसतं. प्रत्यक्षात ते माझ्या ग्रिलवर चढलेलं असतं.

ग्रिलवरून आठवलं. कॅमेरे. २०१६ साली नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली अमानुष मारहाण कॅमेऱ्याने उघडी पाडली, आणि त्यानंतर पालकांनी कॅमेऱ्याचा आग्रह धरला तर तो शंभर टक्के रास्त आहे. माझ्याकडेही आहेत, मीच लावले. पण त्यांचा उपयोग कसा होतो बघा. साहेब ग्रिलवर. मी खाली उभी, एका हाताने त्यांचा पाय धरून, दुसऱ्या हाताने कडेवरचं बाळ सावरत. फोन वाजतो. वाजत राहतो. शेवटी मदतनीस बाई माझ्या कानाला लावते. "काकू, तो ग्रिलवर चढलाय, बघताय ना?" हो बाई, बघतेय. तू बाणेरहून बघतेस, मी दीड फुटावरून बघतेय.

मग मी नेमकं करते तरी काय? जादू काही नाही. साहेब आले की 'आज शाळेत काय झालं' हा प्रश्न विचारायचा नाही. सात तास एका जागी बसवलेलं, ओरडा खाऊन आलेलं, भुकेलेलं पोर आहे ते. तिथे चौकशी आयोग बसवला की पहिली लाथ ठरलेली. आधी ताट. वरण-भात, त्यावर तूप, लिंबू. न बोलता. दहा-पंधरा मिनिटांनी साहेब आपणहून बोलायला लागतात, आणि जे सांगतात ते डायरीत कधीच लिहिलेलं नसतं. खेळ बंद करायचा असेल तर दहा मिनिटं आधी सांगायचं, मग पाच मिनिटं आधी, आणि मग खरोखर बंद करायचा. आज, उद्या, परवा, पाहुणे आले तरी. नियम थोडे, पण ते मी आजारी असले तरी तेच.

आणि काम. हिवाळ्यात मी त्यांच्यासमोर मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवते. ज्या मुलाबद्दल शाळा लिहिते की तो चार मिनिटं एका जागी बसत नाही, तो मांडी घालून अख्खा किलोभर मटार सोलतो. अंगठ्याने शेंग दाबायची, टक्क आवाज, दाणे वाटीत, टरफल डावीकडे. किडका दाणा सापडला की विजयी मुद्रेने मला आणून दाखवायचा. अडीच वर्षांची ती कन्या, हो, बॅटीखालची, शेजारी बसून दाणे खाते आणि साहेब तिला ओरडत नाहीत. फक्त वाटी जरा लांब सरकवतात. हे मी कौतुकाने कॅमेऱ्यात दिसेल असं बसवलं. संध्याकाळी वडील गंभीर चेहऱ्याने आले. "काकू, म्हणजे, राग मानू नका, पण हे टेक्निकली चाइल्ड लेबर होत नाही का?"

माझ्याकडून निघाल्यावर साहेबांना आठवड्यातून तीन संध्याकाळी कोडिंग, दोन संध्याकाळी अबॅकस आणि शनिवारी पब्लिक स्पीकिंग असतं. ते बालसंगोपन. मटार म्हणजे वेठबिगारी.

इतर पालकांनाही सोडत नाही. त्यांचा निरोप येतो: 'त्या मुलाला काढा, नाहीतर आम्ही आमच्या बाळाला काढू.' भीती खोटी नाही. बाळ त्यांचं आहे, दात साहेबांचे. म्हणून जेवायची वेळ मी वेगळी केली, खोली वेगळी केली, एक बाई जास्तीची ठेवली. पण सगळ्यात मोठ्या आवाजात मागणी करणाऱ्या कुटुंबाचं चिरंजीव दोन वर्षांचं आहे, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या दंडाचा चावा कोणी घेतला होता ते मला पक्कं आठवतंय. त्याचे दात दुधाचे आहेत म्हणून ते गोड. अजून सात वर्षांनी भेटू.

जास्तीच्या बाईला पगार द्यावा लागतो. सगळ्या शहाण्यांच्या बोलण्यातून ही एकच गोष्ट पद्धतशीर निसटते. थेरपिस्टच्या चार सेशनना जेवढे पैसे जातात तेवढ्यात माझा अख्खा महिना बसतो, आणि सेशनच्या पैशांत कोणी घासाघीस करत नाही. म्हणून परवा साहेबांच्या वडिलांना कळवलं, पुढच्या महिन्यापासून फी वाढेल. खुलासाही दिला: स्वतंत्र माणूस लागतो. उत्तर तत्परतेने आलं. "काकू, पण तो आता खूपच शांत झालाय. घरीसुद्धा फरक दिसतो. त्या हिशेबाने फी कमी व्हायला हवी ना?"

मी लिहिलं, जरूर. शनिवार-रविवार तुम्ही सांभाळा, सोमवारी दुपारी दोनला या, चपलांच्या मांडणीशेजारी उभं राहून फीचं बोलू.